सुगंधी तेलांचे बुरशीनाशक : बुरशी मरावी आणि पान वाचावे यासाठी

लवंग, ओवा, दालचिनी, थाइम, ओरेगॅनो किंवा गवती चहा यांपैकी कोणतेही सुगंधी तेल प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणाऱ्या बुरशीवर पुरेशा मात्रेने वापरले, तर बुरशीची वाढ बहुतेक वेळा थांबते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बुरशीच्या पेशीचे पातळ आवरण भेदणारे हे तेल पानाच्या पेशीचे आवरणही भेदू शकते, आणि म्हणूनच लवंग व दालचिनीची तेले अधिक तीव्रतेने वापरून तणनाशकेही तयार केली जातात. बुरशी मरते ती मात्रा आणि पान करपते ती मात्रा यांत अंतर असते, पण ते फार मोठे नसते. त्या अंतरात राहून फवारणी कशी करावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

सुरुवातीला शब्दांचा एक घोळ दूर करायला हवा. कडुनिंबाचे, करंजाचे किंवा सूर्यफुलाचे तेल ही स्थिर तेले आहेत. ती बिया दाबून निघतात, हवेत उडून जात नाहीत आणि कागदावर पडली की तेलकट डाग कायम राहतो. सुगंधी तेले बहुधा वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढली जातात, ती अनेक उडनशील रसायनांचे मिश्रण असतात आणि उघड्यावर ठेवल्यास उडून जातात. दोन्ही प्रकारांचा रोगनियंत्रणात उपयोग होतो, मात्र त्यांची मात्रा वेगळी आहे. कडुनिंबाचे तेल एका लिटरला पाच मिलि वापरण्याची सवय असलेल्या माणसाने त्याच हाताने लवंग तेल मोजले, तर कोवळ्या रोपांचे नुकसान होण्याची शक्यता फार मोठी आहे.

तेल बुरशीवर काय करते

थायमॉल, कार्व्हॅक्रॉल आणि युजेनॉल ही फिनॉल गटातली संयुगे पेशीपटलातल्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातल्या, मेदात विरघळतात आणि त्याची घट्ट वीण सैल करतात. त्यामुळे पेशीतले पोटॅशियमसारखे आयन बाहेर झिरपू लागतात, ऊर्जानिर्मिती कोलमडते, बीजाणूला अंकुरनलिका फुटत नाही आणि फुटलीच तर ती खुरटते. दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड आणि गवती चहातला सिट्राल हे अल्डिहाइड गटातले असून त्यांचाही मारा जोरदार असतो. टरपिनेन-4-ऑल किंवा जिरॅनिऑलसारखी अल्कोहोले त्यांच्या मागोमाग येतात, तर निलगिरीतले सिनिओल आणि नुसती हायड्रोकार्बने सर्वसाधारणपणे बरीच सौम्य ठरतात. वासाचा उग्रपणा आणि बुरशीनाशक ताकद यांचा थेट संबंध नसतो, हे निलगिरी तेल वापरून निराश झालेल्यांनी ध्यानात घ्यावे.

हा मारा एकाच विकरावर (एन्झाइमवर) नसून अनेक ठिकाणी एकदम होतो, म्हणून बुरशीत प्रतिकारशक्ती तयार होण्याचा धोका कमी समजला जातो. कमी म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. त्यामुळे आलटून-पालटून फवारणीचा नियम येथेही पाळावा.

या तेलांचा शेतीतला वापर आता घरगुती प्रयोगापुरता राहिलेला नाही. युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल या तिन्ही घटकांना युरोपीय संघाने 2013 मध्ये पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली, आणि द्राक्षावरील बोट्रायटिस, म्हणजे राखाडी बुरशी, हे त्यांच्या एकत्रित वापराचे एक मुख्य लक्ष्य आहे. टी ट्री तेलावर आधारलेले टिमोरेक्स गोल्ड हे बुरशीनाशकही अनेक देशांत विकले जाते. तयार नोंदणीकृत उत्पादन मिळत असेल आणि पीक विक्रीसाठी असेल, तर तेच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची मात्रा, स्थिरता आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर) तपासलेला असतो. घरी तयार केलेले मिश्रण परसबाग, रोपवाटिका आणि लहान प्रमाणावरील चाचण्यांसाठी ठीक आहे. विक्रीच्या किंवा सेंद्रिय प्रमाणित पिकावर ते वापरायचे असेल, तर आपल्याकडचे नियम आणि प्रमाणन संस्थेची अट आधी तपासावी.

कोणत्या रोगावर भरवसा ठेवावा

भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीजन्य रोग, हा या तेलांसाठी सर्वांत अनुकूल रोग आहे, आणि त्याचे कारण भुरीच्या राहणीत आहे. तिचे जवळजवळ सगळे तंतू पानाच्या पृष्ठभागावर पसरलेले असतात. आत जातात ती फक्त बाह्यत्वचेच्या पेशींतून अन्न शोषणारी शोषकांगे. तेलाचा थेंब पडला की तो थेट बुरशीच्या अंगावर पडतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन फवारणीआधी डाग पाहिला, तर बीजाणूंच्या उभ्या साखळ्या मखमलीसारख्या दिसतात. फवारणी लागू पडली असेल, तर दोन दिवसांनी तीच मखमल चिकटून बसल्यासारखी, मळकट आणि चपटी दिसते. डाग मात्र लगेच नाहीसा होत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहणारा फवारणी वाया गेली असे समजून दुसऱ्याच दिवशी मात्रा वाढवतो. ही घाई टाळावी.

राखाडी बुरशी, पानांवरचे अल्टरनेरियाचे ठिपके आणि करप्याची सुरुवातीची अवस्था यांवर प्रतिबंधक म्हणून उपयोग होतो, पण रोग पेशींत खोल शिरल्यावर परिणाम झपाट्याने घटतो. तांबेऱ्याची बुरशी पानाच्या आत वाढते आणि पुटकुळी फुटल्यावरच बाहेर दिसते, म्हणून तेथे अपेक्षा मर्यादित ठेवावी. केवडा (डाउनी मिल्ड्यू) आणि बटाटा-टोमॅटोचा उशिराचा करपा हे रोग खऱ्या बुरशीमुळे होत नसून ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या गटातल्या जीवांमुळे होतात. पेशीपटल भेदणारी तेले त्यांनाही बाधतात, तरी ढगाळ, ओल्या हवामानात उशिराचा करपा ज्या वेगाने पसरतो, त्या वेगापुढे काही तासांत उडून जाणारे तेल एकटे टिकू शकत नाही. फ्युजेरियम या बुरशीमुळे येणारी मर मुळांतून जलवाहिन्यांत शिरते. पानांवर तेल फवारून ती थांबत नाही, आणि मातीत तेल ओतल्यास रोगकारक बुरशीबरोबर उपयुक्त जीवाणू-बुरशींनाही मार बसतो.

पहिली पायरी : तेल निवडणे आणि पारखणे

एकाच नावाच्या दोन बाटल्यांत वेगळी रसायने असू शकतात. थाइमच्या काही वाणांत थायमॉल मुख्य असते, काहींत लिनालूल. पहिले बुरशीवर तिखट, दुसरे बरेच मवाळ. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य असतो, तर पानांच्या तेलात युजेनॉल. म्हणून खरेदी करताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून तेल काढले ते आणि शक्य असेल तर तेलातल्या घटकांचे प्रमाण दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. लवंग तेलात साधारण 70 ते 90 टक्के युजेनॉल अपेक्षित असते. गवती चहाच्या चांगल्या तेलात सिट्रालचे प्रमाण 70 टक्क्यांच्या पुढे असते. टी ट्री तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात टरपिनेन-4-ऑल किमान 35 टक्के असावे लागते.

घरी दोन साध्या पारखी करता येतात. टीपकागदावर एक थेंब टाकून तो एक-दोन दिवस उघड्यावर ठेवावा. शुद्ध सुगंधी तेल उडून जाते आणि अगदी पुसट खूण उरते, तर स्थिर तेलाची भेसळ असल्यास तेलकट, पारदर्शक डाग तसाच राहतो. दुसरी पारख लवंग तेलाची आहे. हे तेल पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे पेल्यातल्या पाण्यात सोडलेला मोठा थेंब तळाशी जातो. तो वर तरंगत राहिला, तर हलक्या तेलाची किंवा द्रावकाची भेसळ असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. या पारखींनी भेसळ पकडता येते, शुद्धतेचे प्रमाणपत्र मात्र मिळत नाही.

नवख्या माणसाने कोठून सुरुवात करावी, असे विचारले तर मी थाइम किंवा ओवा यांचे तेल सुचवीन. लवंग आणि दालचिनी ही तेले प्रभावी असली तरी पान करपवण्यातही तितकीच तत्पर असतात.

दुसरी पायरी : तेल पाण्यात मिसळणे

बहुतेक अपयशांचे मूळ या पायरीत असते. तेल पाण्यात विरघळत नाही. पंपात सरळ तेल ओतून कितीही हलवले, तरी काही मिनिटांत त्याची साय वर जमते. मग सुरुवातीच्या झाडांना जवळजवळ नुसते पाणी मिळते आणि पंप रिकामा होताना शेवटच्या झाडांवर जवळजवळ शुद्ध तेल पडते. पहिल्यांवर रोग तसाच राहतो, शेवटची करपतात, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो.

यासाठी पायसकारक (इमल्सिफायर) लागतो; त्याच्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले राहतात, आणि अशा मिश्रणाला पायस म्हणतात. पॉलिसॉर्बेट 80, जे ट्वीन 80 या नावानेही मिळते, या कामास चांगले आहे, कारण क्षारयुक्त पाण्यातही ते टिकते. पोटॅशियम साबण चालतो, पण पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो, पायस फाटते आणि नोझल तुंबते. साबणच वापरायचा असेल तर पावसाचे किंवा मऊ पाणी घ्यावे. कपडे-भांड्यांचे डिटर्जंट टाळावे. त्यातले इतर घटक पानावरचे मेणाचे आवरण धुऊन काढतात.

आधी दहा टक्क्यांचे मूळ द्रावण करावे आणि त्यातून फवारणीचे पाणी बनवावे. कोरड्या काचेच्या बाटलीत 10 मिलि सुगंधी तेल आणि 10 मिलि पॉलिसॉर्बेट 80 घेऊन दोन्ही एकजीव होईपर्यंत हलवावे. या टप्प्यावर पाण्याचा थेंबही नको. नंतर 80 मिलि कोमट पाणी अगदी थोडे थोडे घालत सतत ढवळावे. सुरुवातीला मिश्रण दाट, कधी जेलीसारखे होते. ते बिघडले असे समजून टाकून देऊ नये. आणखी पाणी पडत गेले की ते सैल होते आणि दुधासारखा पांढरा रंग येतो. पाणी एकदम ओतल्यास ही मधली अवस्था नीट पार पडत नाही आणि थेंब मोठे राहतात. हातात धरायचा छोटा विद्युत घुसळणारा वापरल्यास थेंब अधिक बारीक होतात, फक्त तो पुन्हा खाद्यपदार्थांसाठी वापरू नये.

तयार द्रावण अर्धा तास स्थिर ठेवून पाहावे. वर तेलाचे कडे किंवा डोळे दिसले, तर पायस कच्चे आहे आणि ते फवारू नये. पॉलिसॉर्बेट थोडे वाढवून पुन्हा घुसळावे. सुगंधी तेलात थोडे स्थिर तेल, उदाहरणार्थ सूर्यफुलाचे, आधीच मिसळले तर पायस अधिक टिकते, तेल उडण्याचा वेगही मंदावतो आणि भुरीवर स्थिर तेलाचा स्वतःचा गुदमरवणारा परिणाम मिळतो. तसे केल्यास पायसकारकही त्या प्रमाणात वाढवावे लागते. थायमॉलचे स्फटिक, म्हणजे ओव्याचे फूल, वापरणाऱ्यांनी ते आधी थोड्या इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवून मगच पॉलिसॉर्बेटमध्ये मिसळावे. त्याचा द्रवणांक सुमारे 50 अंश सेल्सिअस असल्याने थंड पाण्यात ते पुन्हा कणांच्या रूपात बाहेर पडू शकते.

तिसरी पायरी : मात्रा ठरवणे

या मूळ द्रावणाचे 10 मिलि एक लिटर पाण्यात घातले की एक मिलि तेल, म्हणजे 0.1 टक्का किंवा 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) इतकी तीव्रता मिळते. 15 लिटरच्या पाठीवरच्या पंपाला 150 मिलि मूळ द्रावण लागते. थेंब मोजून मात्रा ठरवू नये, कारण थेंबाचा आकार तेलानुसार आणि बाटलीच्या तोंडानुसार बदलतो; सुईविना इंजेक्शनची सिरिंज वापरावी.

पहिल्या फवारणीसाठी 0.1 टक्का ही सुरुवात योग्य आहे. लवंग, दालचिनी, ओरेगॅनो यांसाठी किंवा काकडीवर्गीय आणि कोवळ्या रोपांसाठी 0.05 टक्क्यापासून सुरुवात करावी. चाचणीत पान सुखरूप राहिले आणि परिणाम अपुरा वाटला, तर 0.2 टक्क्यापर्यंत जावे. त्याच्या पुढे नुकसानीचा धोका फायद्यापेक्षा वेगाने वाढतो.

शोधनिबंधांतले आकडे सरळ शेतात उतरवू नयेत, याचे एक कारण वरवर पाहता लक्षात येत नाही. प्रयोगशाळेतली बशी झाकलेली असते. तेलाची वाफ आतच कोंडते आणि बुरशीला द्रव व वाफ असा दुहेरी मार बसतो. शेतात तीच वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. म्हणून बशीत 300 पीपीएमला मेलेली बुरशी शेतात 1000 पीपीएमलाही अर्धमेली राहू शकते.

चौथी पायरी : चाचणी

पूर्ण प्लॉटवर हात घालण्याआधी तीन गटांत प्रत्येकी चार-पाच झाडे निवडून त्यांना रंगीत दोरी बांधावी. पहिल्या गटावर नुसते पाणी, दुसऱ्यावर पाणी आणि पायसकारक, तिसऱ्यावर पूर्ण मिश्रण फवारावे. दुसरा गट बहुतेक जण गाळतात, आणि मग पान करपले तर ते तेलाने की साबणाने, किंवा भुरी कमी झाली तर ती कशाने, हे कधीच कळत नाही. 48 तासांनी कोवळी पाने, कडा आणि फुले तपासावीत. पाणी भरल्यासारखे काळपट डाग, तपकिरी कडा, वळलेले शेंडे किंवा फुलगळ दिसल्यास मात्रा निम्मी करावी. रोगावरचा परिणाम पाहण्यासाठी मात्र आठवडाभर थांबावे. पीक, वाण किंवा तेलाची नवी बाटली बदलली की चाचणी पुन्हा करावी.

पाचवी पायरी : फवारणी

वेळ संध्याकाळची असावी. ऊन उतरलेले असते, मधमाश्या परतलेल्या असतात आणि तेल उडण्याचा वेग कमी असतो. तापमान 30 अंशांच्या वर असताना, झाडांना पाण्याचा ताण असताना किंवा पाऊस जवळ आलेला असताना फवारू नये. फार उशिरा, दव पडू लागल्यावर फवारणेही चुकीचे आहे, कारण पान रात्रभर ओले राहिले तर अनेक बुरशींना तीच संधी मिळते. अंधार पडण्याआधी पान सुकेल असे पाहावे.

नोझल बारीक धुके सोडणारे घ्यावे आणि पानाच्या दोन्ही बाजू भिजवाव्यात. पान चमकले की हात पुढे न्यावा, पाणी टपकेपर्यंत थांबू नये. जास्त झालेले मिश्रण घरंगळत पानाच्या टोकाशी आणि कडेला थेंब होऊन लटकते. त्यातले पाणी उडत जाते आणि पायस फुटून तेल त्या एका बिंदूवर गोळा होते. दुसऱ्या दिवशी नेमके तेच टोक आणि तीच कड तपकिरी होते. टोके आणि कडाच करपल्या असतील, तर मात्रेआधी हाताच्या गतीवर संशय घ्यावा. फवारणी चालू असताना पंप मधून मधून हलवावा आणि तयार केलेले पाणी त्याच दिवशी संपवावे.

पुढची फवारणी पाच ते सात दिवसांनी करावी. नवी पालवी झपाट्याने येत असेल तर अंतर कमी ठेवावे, कारण तेल झाडात पसरत नाही आणि नंतर आलेले पान उघडेच राहते. लागोपाठ दोन-तीन फवारण्यांनंतर बॅसिलस सबटिलिस हा उपयुक्त जीवाणू किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट यांसारखे वेगळ्या पद्धतीने काम करणारे साधन घ्यावे. गंधक आणि तेल यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे, कारण ती दोन्ही एकत्र आल्यास पाने हमखास भाजतात. कॅप्टन या बुरशीनाशकाच्या बाबतीतही तीच काळजी घ्यावी. रोगकारक बुरशींविरुद्ध वापरली जाणारी ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे, त्यामुळे ती आणि तेल एका पंपात कधीच मिसळू नयेत.

बियाणे आणि साठवण

उडून जाण्याचा जो दोष शेतात आडवा येतो, तोच बंद जागेत गुण ठरतो. बियाण्याच्या पृष्ठभागावरच्या बुरशीसाठी 0.1 टक्का पायसात बी थोडा वेळ बुडवून, सावलीत सुकवून पेरता येते. मात्र आधी शंभर प्रक्रिया केलेल्या आणि शंभर साध्या बियांची ओल्या कागदात उगवण तपासावी. उगवण घटली, तर वेळ किंवा मात्रा कमी करावी.

साठवणीतल्या फळांसाठी तेल फळांना न लावता वाफेच्या रूपात वापरणे बरे. 10 लिटरच्या झाकणाच्या डब्यात टीपकागदावर 0.1 मिलि तेल टाकून तो फळांना स्पर्श होणार नाही असा टांगावा, आणि फक्त मोजक्या फळांवर प्रयोग करावा. वास फळात मुरतो. बुरशी थांबली पण फळ थाइमसारखे लागू लागले, तर त्या यशाचा उपयोग नाही. नाजूक सालीच्या फळांवर तपकिरी चट्टेही पडू शकतात. काढणीला आलेल्या पालेभाज्यांवर फवारणी टाळावी, तेही याच कारणासाठी.

हाताळणी

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी ही समजूत येथे धोक्याची आहे. शुद्ध दालचिनी, लवंग किंवा ओरेगॅनोचे तेल त्वचेला भाजते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालूनच ते मोजावे, आणि बंद खोलीत मिसळू नये. लहान मुलांनी ही तेले थोडीशी गिळली तरी विषबाधा होऊ शकते. मांजरांच्या शरीरात फिनॉलचे विघटन नीट होत नाही, म्हणून टी ट्री किंवा लवंग तेल त्यांच्या अंगाला लागू देऊ नये. लवंग तेल मासे बेशुद्ध करण्यासाठी वापरले जाते, यावरून पंप तळ्यात किंवा ओढ्यात का धुऊ नये हे समजेल.

तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवावे. हवा आणि प्रकाश लागून जुने झालेले तेल कमी परिणाम करते, आणि संत्रा-लिंबाच्या तेलांत तर त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात. हलके प्लास्टिक आणि रबरी वॉशर या तेलांनी फुगतात, म्हणून फवारणी संपताच पंप साबणाच्या पाण्याने धुऊन वॉशर तपासावेत. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, आणि प्रत्येक फवारणीची तेल, मात्रा, तापमान, वेळ आणि 48 तासांनंतरच्या पानांची स्थिती एका वहीत नोंदवावी. पुढच्या हंगामात त्या पिकावर मात्रा ठरवताना आधी ती वही उघडावी.